रिमोटवरचं भाड्याचं बटण

टीव्हीच्या रिमोटकडे एकदा नीट पाहावं. आवाज कमी-जास्त करायचं बटण, मागं जायचं बटण, घराचं चित्र असलेलं बटण, ही सगळी पाहणाऱ्याच्या कामाची. पण त्यांच्या खाली एक रंगीत ओळ असते. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, आणखी एखाददुसरं नाव. ज्या घरानं नेटफ्लिक्सची वर्गणी जन्मात भरलेली नाही, तिथल्या रिमोटवरही ते बटण असतंच. आजोबांचा अंगठा चुकून त्यावर पडला की चालू असलेल्या बातम्या गायब होतात आणि पडद्यावर लाल अक्षरं येतात.

ही बटणं म्हणजे हमरस्त्यावरच्या होर्डिंगची जागा. रिमोट बनवणारी कंपनी ती ॲपवाल्यांना विकते. अमेरिकेतली रोकू ही कंपनी २०१७ साली शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिच्या माहितीपत्रकात उत्पन्नाच्या साधनांमध्ये रिमोटवरच्या या बटणांची विक्रीही नोंदवलेली होती. यंत्र विकणाऱ्या कंपनीनं बटणाच्या भाड्यावर जगावं, हे वरवर विचित्र वाटतं. इंटरनेटवरचा व्हिडिओ टीव्हीवर आणणारी छोटी डबी बनवायला निघालेल्या कंपन्यांचा वीस वर्षांचा हिशेब मांडला की ते विचित्र वाटेनासं होतं. या काळात बऱ्याच हुशार माणसांनी अशी डबी बनवली. डबी बनवणं त्यातल्या बहुतेकांना जमलं. तिच्यावर पोट भरणं फार थोड्यांना जमलं.

सहावी कंपनी

रोकूचे संस्थापक अँथनी वुड यांना कंपन्या काढायचा नाद कॉलेजपासूनचा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत असतानाच त्यांनी स्वतःचा व्यवसाय थाटला होता. १९९७ मध्ये त्यांनी रिप्लेटीव्ही ही कंपनी सुरू केली. निमित्त घरगुती होतं. 'स्टार ट्रेक'चे भाग चुकू नयेत म्हणून व्हीसीआरला वेळ लावा, कॅसेट शोधा, तिच्यावर आधीचं काही पुसलं जात नाही ना ते पाहा, या खटाटोपाला ते कंटाळले होते. कॅसेटऐवजी संगणकाच्या हार्ड डिस्कवर कार्यक्रम साठवणारं यंत्र त्यांनी बनवलं. १९९९ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात ते लोकांपुढे आलं. त्याच प्रदर्शनात जवळपास तसंच यंत्र घेऊन टिव्हो ही दुसरी कंपनीही उभी होती.

दोघांत फरक होता तो पैसे कसे घ्यायचे याचा. रिप्लेटीव्हीनं सगळी वसुली यंत्राच्या किमतीतच करायचं ठरवलं. सर्वांत साधं मॉडेल ७०० डॉलरच्या आसपास, पण नंतर दमडीही द्यायची नाही. टिव्होनं यंत्र त्यापेक्षा स्वस्त ठेवलं आणि दरमहा वर्गणी लावली. पाच वर्षांचा हिशेब केला तर वर्गणी धरून टिव्हो काही स्वस्त पडत नव्हतं. पण दुकानात उभं राहून पाच वर्षांचा हिशेब करतं कोण? नाव टिव्होचं झालं. इतकं, की अमेरिकी इंग्रजीत टीव्ही रेकॉर्ड करण्याला 'टिव्हो करणं' असंच म्हणू लागले.

२००१ मध्ये रिप्लेटीव्ही सॉनिकब्लू या कंपनीकडे गेली. यंत्रात जाहिराती आपोआप वगळायची आणि रेकॉर्ड केलेला कार्यक्रम इंटरनेटवरून दुसऱ्या रिप्लेटीव्हीवाल्याला पाठवायची सोय होती. प्रेक्षक खूश, टीव्ही वाहिन्या आणि हॉलिवूडचे स्टुडिओ संतप्त. त्यांनी एकत्र येऊन खटला भरला. २००३ मध्ये सॉनिकब्लूनं दिवाळखोरी जाहीर केली.

वुड तोवर पुढच्या कंपनीत रमले होते. २००२ मध्ये स्थापन केलेली ही त्यांची सहावी कंपनी, आणि जपानी भाषेत सहाला म्हणतात 'रोकू'. सुरुवातीची तिची उत्पादनं हौशी गिऱ्हाइकांसाठी होती. एक यंत्र नव्या एचडी टीव्हीवर कॅमेऱ्यातले फोटो दाखवायचं. साऊंडब्रिज नावाचं दुसरं यंत्र संगणकावरची गाणी घरातल्या स्पीकरवर वाजवायचं. यंत्रं नेटकी होती, पण धंदा लहानच राहिला.

एका फोनसाठी मोडलेला बेत

२००७ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सनं संगणकावर थेट सिनेमा पाहायची सोय सुरू केली. तोवर ती पोस्टानं डीव्हीडी घरी पाठवणारी कंपनी होती. पण रात्री जेवण झाल्यावर दोन तास टेबलाशी ताठ बसून संगणकावर सिनेमा पाहणं कुणाला रुचणार? सिनेमा सोफ्यासमोरच्या टीव्हीवर आणायचा तर मध्ये एक यंत्र हवं. नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी ते काम वुड यांच्यावर सोपवलं. एप्रिल २००७ मध्ये वुड नेटफ्लिक्सचे इंटरनेट टीव्हीचे उपाध्यक्ष झाले आणि रोकूचं प्रमुखपदही त्यांनी सांभाळलं. प्रकल्पाचं गुप्त नाव होतं 'ग्रिफिन'. हॉलिवूडवरच बेतलेल्या 'द प्लेयर' या चित्रपटाच्या नायकाचं ते नाव. यंत्र म्हणजेही प्लेयरच, असा तो कोपरखळीवजा विनोद.

डिसेंबरपर्यंत यंत्र बाजारात जायच्या बेतात आलं होतं. आणि हेस्टिंग्ज यांनी तो बेतच मोडला.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. नेटफ्लिक्सला सगळ्यांच्या यंत्रांवर जायचं होतं: सोनीचा टीव्ही, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, ॲपलचा डबा. आपण स्वतःच डबा विकू लागलो तर उद्या ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांना फोन केल्यावर ते तो उचलतील कशाला? ज्यांच्याशी सौदा करायचा त्यांच्याच शेजारी दुकान मांडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. तयार यंत्र आणि त्यावर काम करणारी माणसं रोकूकडे सोपवण्यात आली. नेटफ्लिक्सनं रोकूत सुमारे ६० लाख डॉलर गुंतवले.

मे २००८ मध्ये 'नेटफ्लिक्स प्लेयर बाय रोकू' १०० डॉलरला एक सेंट कमी अशा किमतीत विक्रीला आलं. त्यावर दिसायचं फक्त नेटफ्लिक्स, सुमारे १० हजार सिनेमे आणि मालिका. पुढच्याच वर्षी नेटफ्लिक्सनं रोकूतला आपला हिस्सा थोड्याशा नफ्यात विकून टाकला. जुलै २०२१ मध्ये शेअर बाजारानं त्याच रोकूची किंमत ६० अब्ज डॉलरच्या वर लावली होती. त्यानंतर दीड वर्षात तो भाव दहाव्या हिश्शाच्याही खाली घसरला, हेही इथंच नोंदवलेलं बरं.

डबीत काय असतं, काय नसतं

रोकूची पहिली डबी सुमारे पाच इंच लांब-रुंद होती. तिच्यात काय होतं यापेक्षा काय नव्हतं ते महत्त्वाचं. तिच्यात हार्ड डिस्क नव्हती.

आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या व्हुडू या नव्या कंपनीनं आपला डबा ३९९ डॉलरला आणला होता. त्यात मोठी हार्ड डिस्क होती आणि एक अफलातून युक्ती. सिनेमांचा अगदी सुरुवातीचा तुकडा प्रत्येक डब्यात आधीच भरून ठेवलेला असायचा. गिऱ्हाइकानं बटण दाबलं की सिनेमा त्या क्षणी सुरू, आणि तो तुकडा संपेपर्यंत पुढचा भाग इतर गिऱ्हाइकांच्या डब्यांकडून इंटरनेटवरून गोळा व्हायचा. तंत्र म्हणून हे देखणं होतं. पण चारशे डॉलर मोजल्यावरही प्रत्येक सिनेमाचं भाडं वेगळं द्यावं लागायचं. व्हुडूनं किंमत उतरवून पाहिली, मग डबा विकणंच सोडलं आणि आपलं सॉफ्टवेअर टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांच्या संचांत घातलं. २०१० मध्ये वॉलमार्टनं तिला विकत घेतलं.

रोकूनं साठवणूकच टाळली. सिनेमा सर्व्हरवर राहील, डबी तो फक्त आणून दाखवेल. त्यासाठी सिनेमाचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार असतो. २००८ मध्ये नेटफ्लिक्सकडचे हे दर्जे सेकंदाला अर्ध्या मेगाबिटपासून दोन मेगाबिटच्या थोडं वरपर्यंत होते. डबी दर वेळी पाहते की मागचा तुकडा यायला किती वेळ लागला, आणि त्यावरून पुढचा कोणता मागवायचा ते ठरवते. अंधेरीला जलद गाडी मिळाली नाही तर मुंबईकर मिळेल ती धीमी पकडतो, फलाटावर ताटकळत राहत नाही. तसंच हे. चित्र थोडं धूसर झालेलं प्रेक्षक चालवून घेतो. गोल फिरणारं चक्र मात्र त्याला सोसवत नाही.

दाबून लहान केलेलं चित्र पुन्हा उलगडायचं काम एक खास चिप करते. तेवढ्या एका कामासाठीच ती घडवलेली असल्यानं कमी विजेत आणि कमी पैशांत ते होतं. रोकूनं पहिल्या डबीत एनएक्सपी कंपनीची चिप वापरली. मागच्या बाजूला नव्या टीव्हीसाठी एचडीएमआय होतं आणि जुन्या टीव्हीसाठी लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींची भोकंही होती. नवा टीव्ही घ्यायला न लावता जुन्यावरच सिनेमा दाखवण्याचा हा व्यवहारी शहाणपणा होता.

परवान्यांची माळ

यंत्र चाललं म्हणजे विकता येतं असं नाही. एचडीएमआयची खाच ठेवायची तर तिच्या मालक-संघाचा परवाना घ्यावा लागतो. नेहमीचा दर वर्षाला १० हजार डॉलर आणि शिवाय प्रत्येक नगामागे १५ सेंट. वस्तूवर आणि जाहिरातींत त्यांचं चिन्ह वापरलं तर तेच ५ सेंटांवर येतं. चित्र दाबण्याच्या एच.२६४ पद्धतीवर अनेक कंपन्यांची पेटंटं. तिथं वर्षाला पहिले एक लाख नग माफ आणि पुढं नगामागे २० सेंट, अशी छोट्या उत्पादकाला परवडणारी रचना होती. वायफाय आहे म्हणजे अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाची चाचणी आली. भारतात वायफायसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते, आणि सेट-टॉप बॉक्ससारख्या वस्तूंना २०१२ च्या आदेशानं भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली आहे.

ही सगळी दारं पैसे आणि कागद दिले की उघडतात. खरं अवघड दार असतं चित्रपटांच्या मालकांचं. त्यांना भीती चोरीची. म्हणून चित्र सर्व्हरवरून निघतानाच कुलूपबंद होतं आणि किल्ली फक्त भरवशाच्या यंत्राला मिळते. ही किल्ली चिपच्या आत अशा कप्प्यात ठेवावी लागते, की यंत्राच्या मालकालाही तिथं हात घालता येऊ नये. गूगलच्या वाइडव्हाइन या कुलूप-पद्धतीत त्याच्या पायऱ्या आहेत. वरची पायरी गाठली नाही तर पडदा कितीही चांगला असो, नेटफ्लिक्स एचडी चित्र देत नाही. २०१८ मध्ये भारतात तुफान विकल्या गेलेल्या पोको एफ१ या फोनच्या खरेदीदारांना याचा अनुभव आला. फोन वेगवान, पडदा उत्तम, पण वरच्या पायरीचं प्रमाणपत्र नसल्यानं सुरुवातीला नेटफ्लिक्स एचडीत दिसेना. नंतर अपडेटनं ते दुरुस्त झालं.

मॅचस्टिक या छोट्या कंपनीला तर हेच कुलूप भोवलं. २०१४ मध्ये तिनं किकस्टार्टरवर लोकांपुढे झोळी पसरली. मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवर चालणारी, सर्वांना आत डोकावता येईल अशी खुली, २५ डॉलरची स्टिक बनवायची होती. मागितले होते एक लाख डॉलर. १७ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ४ लाख ७० हजार दिले. यंत्र तयार होत आलं, पण संरक्षित चित्रपट चालवणारी कुलूपव्यवस्था त्या खुल्या प्रणालीत बसवता बसवेना. तारीख पुढं गेली, परत गेली, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये कंपनीनं प्रकल्प बंद करून लोकांचे पैसे परत करायचं जाहीर केलं. यंत्र उघडं असावं या तिच्या हट्टाची आणि ते बंद असावं या स्टुडिओंच्या अटीची सांगड बसलीच नाही.

कोपरा कापलेला डबा

न्यूयॉर्कच्या बॉक्सीकडे नाव होतं, चाहते होते, भांडवल होतं. अव्नर रोनेन आणि त्यांच्या इस्रायली सहकाऱ्यांनी एक्सबीएमसी या खुल्या सॉफ्टवेअरवरून ती उभी केली होती. आधी बॉक्सी हा नुसता प्रोग्रॅम होता. संगणकावर टाकायचा, संगणक टीव्हीला जोडायचा, आणि घरातले तसेच वेबवरचे व्हिडिओ एकाच जागी पाहायचे. हुलू या संकेतस्थळावर अमेरिकी वाहिन्यांच्या मालिका फुकट मिळत. त्या बॉक्सीतूनही दिसत, जाहिरातींसकट. फेब्रुवारी २००९ मध्ये हुलूनं ते बंद करायला सांगितलं. मालिकांच्या मालकांची तशी मागणी होती. तीच मालिका, त्याच जाहिराती, पण टेबलावरच्या पडद्यावर चालेल आणि दिवाणखान्यातल्या पडद्यावर नाही! कारण दिवाणखान्यासाठी केबल कंपन्या त्याच वाहिन्यांना भरघोस पैसे मोजत होत्या.

बॉक्सी मग यंत्राकडे वळली. डी-लिंक कंपनी बनवणार आणि बॉक्सीचं सॉफ्टवेअर चालणार, असा डबा ठरला. एक कोपरा तिरका कापलेला घनाकृती, टेबलात रुतल्यासारखा दिसणारा. रिमोटच्या एका बाजूला मोजकी बटणं आणि पाठीवर अक्षरांचा अख्खा कीबोर्ड. २०१० च्या जानेवारीत तो सीईएसमध्ये गाजला. पण ठरवलेली एनव्हिडियाची चिप उच्च दर्जाचं चित्र हवं तसं पेलेना, म्हणून कंपनीनं इंटेलची चिप घेतली. चिप बदलणं म्हणजे चाकाचा टायर बदलणं नव्हे. सर्किट बोर्ड नव्यानं आखायचा, सॉफ्टवेअर नव्या चिपवर बसवायचं, चाचण्या पहिल्यापासून. डबा दुकानात यायला नोव्हेंबर उजाडला. किंमत १९९ डॉलर.

त्याच मोसमात ॲपलनं आपला नवा टीव्ही-डबा ९९ डॉलरला आणला होता आणि रोकूची सर्वांत स्वस्त डबी ६० डॉलरवर उतरली होती. बॉक्सीवर नेटफ्लिक्स यायलाही पुढचं वर्ष उजाडलं. २०११ मध्ये इंटेलनं टीव्ही-चिपांचा आपला विभागच गुंडाळला. बॉक्सीनं २०१२ मध्ये दुसरं यंत्र काढून पाहिलं, पण जुलै २०१३ मध्ये सॅमसंगनं कंपनी विकत घेतली. बातम्यांतला आकडा सुमारे ३ कोटी डॉलरचा होता, म्हणजे गुंतवणूकदारांनी ओतलेल्या पैशांच्या जवळपासच.

साचा, कंटेनर आणि नाताळ

सॉफ्टवेअरच्या कंपनीत चूक झाली तर रात्रीतून दुरुस्ती पाठवता येते. यंत्राच्या कंपनीत आधी पोलादी साचा कापावा लागतो. प्लास्टिकच्या कवचाचा हा साचा महागडा असतो आणि एकदा कापला की भोक दोन मिलिमीटर सरकवायचं तरी खर्च आणि आठवडे जातात. चिपा महिनोन्महिने आधी मागवायच्या. कारखाना बहुधा चीन किंवा तैवानमधला, त्याला आगाऊ रक्कम. मग माल जहाजानं निघणार आणि समुद्रावर काही आठवडे काढणार. अमेरिकेत अशा वस्तूंची विक्री थँक्सगिव्हिंग ते नाताळ या काळात एकवटते. तेव्हा दिवाळीच्या फटाकेवाल्यासारखं, किती माल भरायचा हे उन्हाळ्यातच ठरवावं लागतं. कमी भरला तर हंगाम हुकतो. जास्त भरला तर जानेवारीत गोदाम भरलेलं आणि खातं रिकामं, कारण दुकानदार पैसे देतो माल खपल्यावर, आणि न खपलेला परत पाठवतो तो वेगळाच.

आणि विक्रीनंतर फोन सुरू होतात. राउटर स्वयंपाकघराच्या भिंतीमागं आहे, इंटरनेटचं बिल थकलंय, वायफायचा पासवर्ड मुलानं बदललाय. गिऱ्हाइकाच्या लेखी बिघाड असतो तो नव्या डबीतच. शंभर डॉलरच्या यंत्रात दुकानदाराचा वाटा वजा जाता उरतं किती, त्यात असे दोन फोन घेतले की त्या नगावरचा नफा संपतो.

हे गणित मोठ्यांनी आणखी बिघडवलं. जुलै २०१३ मध्ये गूगलनं क्रोमकास्ट ३५ डॉलरला आणलं. २०१४ मध्ये ॲमेझॉनची फायर टीव्ही आली. गूगलला जाहिराती विकायच्या होत्या, ॲमेझॉनला प्राइमचे सभासद हवे होते. यंत्रावर नफा नाही मिळाला तरी दोघांचं काही अडत नव्हतं.

बेंगळुरूतल्या तरुणांनी नेमक्या याच सुमाराला उडी घेतली. साई श्रीनिवास आणि शुभ मल्होत्रा यांच्या कंपनीनं २०१४ मध्ये 'टीवी' नावाची, टीव्हीच्या पाठीत खोचायची स्टिक आणली. मोबाइल किंवा लॅपटॉपवरचं चित्र ती वायफायवरून टीव्हीवर दाखवायची. वर्षाच्या शेवटी क्रोमकास्ट भारतात २,९९९ रुपयांना अधिकृतपणे दाखल झालं, तेव्हा या मंडळींनी पुढची आवृत्ती २,३९९ रुपयांना काढली. अडचण किमतीपेक्षा काळाची होती. हॉटस्टार २०१५ मध्ये सुरू झालं, नेटफ्लिक्स आणि जिओ २०१६ मध्ये आले. त्याआधी घरोघरी ना पुरेसं वायफाय होतं, ना दाखवायला पुरेसा माल. लोक लॅपटॉपवर साठवलेले सिनेमेच टीव्हीवर पाठवत. कंपनीनं पुढं क्रिओ हे नाव घेऊन मोबाइल फोन काढला. २०१७ मध्ये हाइक या मेसेजिंग ॲपच्या कंपनीनं ती विकत घेतली. त्याच वर्षी फायर टीव्ही स्टिक भारतात ३,९९९ रुपयांना आली आणि घरोघरी पोचली. संस्थापकांनी त्यानंतर काढलेली कंपनी मोबाइलवरच्या खेळांची होती. तिला ना साचा लागत होता ना कंटेनर.

पहिल्या पानाचं भाडं

रोकू मोठ्यांच्या या मारामारीत टिकली ती बऱ्याच अंशी तटस्थ राहून. २००९ मध्येच तिनं आपली डबी इतरांना खुली केली. ज्याला चॅनल काढायचा त्यानं तिच्या भाषेत ॲप लिहावं. ती स्वतः ना सिनेमे बनवत होती, ना पुस्तकं विकत होती, म्हणून नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, गूगल सगळेच तिच्यावर आले. २०१५ मध्ये ॲमेझॉननं आपल्या दुकानातून ॲपल टीव्ही आणि क्रोमकास्ट दोन्ही हटवले. रोकू मात्र तिथं विकली जात राहिली.

दुसरी खेळी २०१४ ची. टीसीएल आणि हायसेन्स या चिनी कंपन्यांच्या टीव्हीतच तिनं आपली प्रणाली बसवली. थोड्याशा मेमरीवर चालणारी ती प्रणाली स्वस्त टीव्हीला परवडणारी होती. आता साचा, कंटेनर आणि गोदाम यांची डोकेदुखी टीसीएलची, आणि पडद्यावरचं पहिलं पान रोकूचं.

त्या पहिल्या पानावर कंपनी जगते. टीव्ही लावल्यावर कोणतं ॲप आधी दिसावं, कोणत्या नव्या मालिकेचं चित्र मोठं यावं, ॲपमधून घेतलेल्या वर्गणीतला वाटा, फुकट चॅनलांवरच्या जाहिरातींतला वाटा, आणि रिमोटवरची बटणं, सगळ्याचे पैसे. २०१६ मध्ये कंपनीचं एकूण उत्पन्न जवळपास ४० कोटी डॉलर होतं, त्यात या 'प्लॅटफॉर्म'चा वाटा होता साडेदहा कोटी. २०१८ मध्ये प्लॅटफॉर्ममधून ४१ कोटी ६९ लाख आले आणि यंत्रांच्या विक्रीतून ३२ कोटी ५६ लाख. पारडं फिरलं ते फिरलंच. २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा पडून खर्च वाढला, तेव्हा कंपनीनं डब्यांची किंमत न वाढवता त्या तोट्यात विकल्या. २०२५ च्या सुरुवातीला तिनं ९ कोटी घरांचा टप्पा ओलांडल्याचं सांगितलं.

एवढी घरं हातात आल्यावर एकेकाळची गरजू कंपनी अडवणूकही करू लागली. मे २०२० मध्ये सुरू झालेलं एचबीओ मॅक्स रोकूवर दिसायला डिसेंबर उजाडला, कारण वाट्यावरून तडजोड होत नव्हती. जाहिरातीच्या धंद्याला आणखी एक भूक असते. घरात कोण काय पाहतं, याची माहिती तिला हवी असते. व्हिझिओ या टीव्ही कंपनीनं १ कोटी १० लाख संचांवरून प्रेक्षकांच्या स्पष्ट संमतीविना ही माहिती गोळा केल्याबद्दल २०१७ मध्ये अमेरिकेत २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. स्वस्त टीव्हीच्या किमतीतला उरलेला भाग कसा वसूल होतो, ते त्या प्रकरणानं उघड्यावर आणलं.

बंद पडलेला सर्व्हर

भाड्याचं उत्पन्न न मिळवता नुसता डबा विकला तर काय होतं, याचं उदाहरण सॅन मॅटेओतल्या स्लिंग मीडियाचं. ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन हे भाऊ सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाचे कट्टर चाहते. २००२ च्या मोसमात कामानिमित्त ते फिरतीवर असत आणि सामने हुकत. घरी केबलचे पैसे भरलेत, मग हॉटेलच्या खोलीत आपलाच चॅनल का दिसू नये? भूपेन शाह यांना सोबत घेऊन त्यांनी २००४ मध्ये कंपनी काढली. २००५ च्या जूनअखेर स्लिंगबॉक्स २५० डॉलरला बाजारात आला, चंदेरी आणि सोन्याच्या विटेसारख्या आकाराचा. घरच्या सेट-टॉप बॉक्समधून तो चित्र घ्यायचा, इंटरनेटवरून मालकाच्या लॅपटॉपवर पाठवायचा, आणि लॅपटॉपवरून चॅनल बदलला की एका बारीक वायरीच्या टोकानं सेट-टॉप बॉक्सला रिमोटसारखा इशारा द्यायचा. मासिक वर्गणी नव्हती. एकदा घ्या, कायम वापरा.

२००७ मध्ये एकोस्टार कंपनीनं स्लिंग मीडिया ३८ कोटी डॉलरला घेतली. संस्थापकांच्या दृष्टीनं ही कहाणी यशाचीच. पण डबा जगात कुठंही सापडावा, यासाठी कंपनीचे सर्व्हर अहोरात्र चालू ठेवावे लागत होते, आणि जुन्या गिऱ्हाइकांकडून नवा पैसा येत नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीनं विक्री थांबवल्याचं सांगितलं आणि दोन वर्षांची मुदत दिली. ९ नोव्हेंबर २०२२ ला सर्व्हर बंद झाले. त्या दिवशी ठणठणीत असलेले स्लिंगबॉक्सही बाहेरून दिसेनासे झाले.

मुदत संपण्याआधीच एका वापरकर्त्यानं कंपनीच्या सर्व्हरची गरजच काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहून फुकट वाटला होता. घरातल्या एखाद्या छोट्या संगणकावर तो चालवायचा, की स्लिंगबॉक्स त्याच्याशी बोलायला लागतो. अट एवढीच, की आपापल्या डब्याचा पासवर्ड सर्व्हर बंद व्हायच्या आत उतरवून घेतलेला हवा. ज्यांनी तो घेतला, त्यांचे डबे आजही चॅनल बदलतात.